एमजीबी जीटी, १९७२: झिजलेला गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हची जोड

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

गाडी १९७२ सालची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, १७९८ सीसीच्या इंजिनाची आणि चार गिअरची. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबींना पहिल्या गिअरसाठी सिंक्रो (गिअर बदलताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवून देणारी योजना) नव्हता. माझी गाडी त्यानंतरची असल्यामुळे चारही गिअरना तो आहे, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या न वाढवता चाके जलद फिरवणारे जोडयंत्र) मात्र नाही. या हिवाळ्यात बॉक्स उतरवायचा असे उन्हाळ्यातच ठरले होते. तो खोलण्याआधी त्याच्या तक्रारी नीट ऐकून लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण बॉक्स एकदा टेबलावर आला की तो बोलत नाही.

आजच्या फेरीत जे ऐकले ते असे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये बॉक्स रडतो. चौथ्यात जवळजवळ शांत असतो. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला आणि क्लच सोडलेला असताना एक खडबडीत घरघर येते, ती पेडल दाबताच थांबते. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खर्र होते. तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दांडा आपोआप न्यूट्रलला निसटतो.

पहिल्या तक्रारीत बाकीच्या तक्रारींचे मूळ असावे, असा माझा अंदाज आहे. या बॉक्समध्ये चौथा गिअर थेट आहे, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा मेनशाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि खालचा लेगिअर (एकाच नळीवरच्या दातेरी चाकांचा संच) नुसता, भाराविना फिरत राहतो. पहिल्या तीन गिअरमध्ये मात्र सारा भार लेगिअरमधून जातो. त्यामुळे जो आवाज तीन गिअरमध्ये येतो आणि चौथ्यात येत नाही, तो लेगिअरच्या सुई-बेअरिंगांचा किंवा ती ज्यावर फिरतात त्या स्थिर दांड्याचा, म्हणजे लेशाफ्टचा, असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

तेल गरम असतानाच काढले आणि काचेच्या बरणीत भरून ठेवले. ही सवय कोल्हापूरच्या उद्यमनगरातली आहे. काकांच्या वर्कशॉपमध्ये कोणतेही इंजिन खोलण्याआधी तेल बरणीत जायचे. आज फोनवरही ते हेच म्हणाले, “घाई करू नकोस. लोखंड खाली बसतं, पितळ चमकतं. आठ दिवस ठेव आणि मग बघ.”

१२ नोव्हेंबर, रविवार

आज लक्ष्मीपूजन, त्यामुळे गॅरेजमध्ये काम नाही. बरणी तेवढी पाहिली. तळाशी करडा गाळ आहे आणि बाहेरून लोहचुंबक फिरवले की त्यातला बराचसा काचेला चिकटून वर येतो. जो चिकटत नाही तो सोनेरी चमकतो, म्हणजे सिंक्रोच्या पितळी रिंगांचा चुरा. चिकटणाऱ्या गाळात दोन खवले नखाच्या टोकाएवढे आहेत. दात नुसते झिजले तर त्यातून पीठ निघते, खवले निघत नाहीत. खवले म्हणजे कुठल्यातरी कडक केलेल्या पृष्ठभागाचा पापुद्रा उडाला आहे.

१८ नोव्हेंबर, शनिवार

एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही. इंजिनासह पुढून, तिरपा करून वर काढावा लागतो. रेडिएटर, त्याची चौकट आणि ऑइल कूलर काढले. प्रोपेलर शाफ्ट सोडवण्याआधी त्याच्या फ्लॅंजवर खुणा केल्या. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर पाइप न तोडता बाजूला बांधून ठेवला. साखळीच्या क्रेनवर पुढची बाजू बरीच वर घेतल्यावर बॉक्सची शेपटी खालच्या आडपट्टीतून सुटली. शेजाऱ्यांनी शेपटी धरली होती. एकट्याने हे काम करू नये.

क्लचचे ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग जवळजवळ कडीपर्यंत घासले होते. क्लचची प्लेट, हे बेअरिंग, क्रॅंकशाफ्टच्या टोकातली पितळी बुश आणि मागचे ऑइल सील या चारही वस्तू इंजिन बाहेर असतानाच बदलायच्या.

२ डिसेंबर, शनिवार

आज बॉक्स उघडला. आतल्या रचनेमुळे क्रम ठरलेला आहे: बाजूचे झाकण, सिलेक्टरचे दांडे आणि फोर्क, पुढचे झाकण, मग लेशाफ्ट पुढे सरकवून काढायचा. तो निघताच लेगिअर केसच्या तळाशी बसतो आणि वर मोकळी जागा होते, तेव्हा मेनशाफ्ट मागून आणि इंजिनाकडचा शाफ्ट पुढून काढता येतो. लेगिअर सर्वांत शेवटी उचलायचा.

लेशाफ्ट हातात आला तेव्हा पुढे फार शोधावे लागले नाही. पुढच्या टोकाला, जिथे सुया फिरतात तिथे, परिघाच्या साधारण तिसऱ्या भागावर कडक थर उडाला होता. बोट फिरवले तर नख अडकते. न उडालेला भाग मायक्रोमीटरने मोजला, तो अजून जवळपास मूळ मापाला आहे. म्हणजे हा दांडा सर्वत्र सारखा झिजलेला नाही. एकाच बाजूला, सतत भार येणाऱ्या जागी, थकून फुटला आहे. लेशाफ्ट स्वतः फिरत नाही, त्याच्याभोवती लेगिअर फिरतो, म्हणून आयुष्यभराचा दाब त्याच्या त्याच पट्ट्यावर येत राहतो. काही जण अशा वेळी तोच दांडा अर्धा वळवून पुन्हा बसवतात. दुसऱ्या बाजूचा पृष्ठभाग चांगला असला तरी मला ते पटत नाही, कारण उडालेल्या कडांवरून सुया पुन्हा फिरणारच.

त्याहून वाईट गोष्ट लेगिअरच्या आत होती. पुढच्या छिद्रात, सुयांच्या बाहेरच्या मार्गावर, तसेच खड्डे आहेत. दांडा नवा मिळतो. लेगिअरच्या आतली खराबी मात्र दांडा बदलून जात नाही, आणि नवा दांडा व नव्या सुया घालून हा बॉक्स बंद केला असता तर वर्ष-दोन वर्षांत तेच रडणे परत आले असते. दात पाहून लेगिअर चांगला ठरवू नये. टॉर्च घेऊन छिद्रात पाहावे, आणि एक नवी सुई बोटाच्या टोकाने आत फिरवून खडबड लागते का ते तपासावे.

बाकीच्या तक्रारींची उत्तरेही मिळाली. दुसऱ्या गिअरची पितळी रिंग गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या उतरत्या भागावर) दाबली की तिच्या आणि गिअरच्या कुत्रादातांच्या (गिअर जोडणाऱ्या लहान दातांच्या) मध्ये फीलर गेजचे जेमतेम ०.३ मिलिमीटरचे पान जाते. रिंगच्या आत बारीक आटे असतात. त्यांच्या धारदार कडा कोनावरचा तेलाचा पडदा कापतात, तेव्हाच पितळ पोलादाला पकडते आणि दोघांचा वेग सारखा होईपर्यंत स्लीव्हला (गिअर जोडायला सरकणाऱ्या भागाला) अडवून धरते. या रिंगमधल्या कडा सपाट झाल्या आहेत. तेल कापले जात नाही, पकड होत नाही आणि स्लीव्ह वेग जुळण्याआधीच पुढे घुसतो. ते खर्र याचेच. तिसऱ्या गिअरच्या कुत्रादातांच्या कडा गोल झाल्या आहेत, म्हणून तो निसटत होता.

हे सगळे बिघाड वेगवेगळे नाहीत, असे आता मला वाटते. लेशाफ्टचे खवले तेलात फिरत राहिले आणि तेच तेल रिंगांवर, कोनांवर आणि इतर बेअरिंगांवर जात राहिले. तेल कधी बदलले होते याची नोंद आधीच्या मालकाच्या वहीत नाही.

९ डिसेंबर, शनिवार

एवढे काम करायचेच तर गाडीला जे कमी आहे तेही द्यावे, हा विचार आज कागदावर तपासला. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना ही गाडी सुमारे २८.८ किलोमीटर प्रतितास जाते. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मोटरवेची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किलोमीटर. तेव्हा इंजिन ३,९०० फेऱ्यांवर असते आणि तासाभराने आतल्या माणसाचे डोके दुखू लागते.

पर्याय दोन होते. फोर्डचा टाइप ९ हा पाच गिअरचा बॉक्स एमजीबीत बसवण्याचे तयार संच मिळतात आणि ते काम अनेकांनी चांगले केले आहे. त्याच्या पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८२ आहे, म्हणजे इंजिनाच्या ०.८२ फेऱ्यांना मागे जाणाऱ्या शाफ्टची एक फेरी होते. एमजीबीला बसणाऱ्या लेकॉक कंपनीच्या ओव्हरड्राइव्हचे प्रमाणही ०.८२ आहे. म्हणजे मोटरवेवर दोघांमध्ये फरक नाही. दोन्हींमुळे इंजिन ३,२०० फेऱ्यांच्या आसपास येते. फरक पडतो तो खाली. टाइप ९ चा पहिला गिअर ३.६५ आणि दुसरा १.९७, त्यामुळे मध्ये मोठी दरी राहते. माझ्या बॉक्समध्ये ३.४४, २.१७, १.३८ आणि १ अशी उतरण आहे, आणि ओव्हरड्राइव्ह तिसऱ्यावरही चालत असल्याने १.१३ हे आणखी एक पाऊल मिळते. ते वळणावळणाच्या गावरस्त्यांवर फार उपयोगी आहे.

आणखी एक कारण आहे आणि ते मी लपवत नाही. एडगर दे नॉर्मनव्हिलने रचलेली आणि शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने स्टॅंडर्ड व्हॅनगार्ड या गाडीसाठी पुरवायला सुरुवात केलेली ही युक्ती मला यंत्र म्हणून अतिशय आवडते. एमजीबीला ती आधी जादा पैसे देऊन मिळे आणि १९७५ पासून ब्रिटनमधल्या गाड्यांना ती कारखान्यातूनच बसून येऊ लागली. या गाडीत ती बाहेरची वाटणार नाही.

६ जानेवारी २०२४, शनिवार

एलएच या लेकॉकच्या प्रकारातल्या ओव्हरड्राइव्हसह एक जुना बॉक्स मिळाला. विकणाऱ्याने “चालू स्थितीत” म्हटले होते. तो शब्द मी मोजदाद करताना धरला नाही. युनिटवरच्या पट्टीचा रंग काळा आहे, निळा नाही, हे आधी पाहिले. ही खूण स्पीडोमीटरच्या गतिप्रमाणाशी बांधलेली आहे आणि काळी पट्टी माझ्या गाडीच्या काळातली आहे. तरीही स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला आकडा युनिटशी जुळतो का, ते जो तो आपल्या गाडीवर पाहील तर बरे. चार गतींना सिंक्रो असलेल्या बॉक्सची एकूण लांबी ओव्हरड्राइव्हसह आणि त्याविना सारखीच असते, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट कापावा लागणार नाही.

बॉक्स उघडला. लेगिअरची दोन्ही छिद्रे आरशासारखी आहेत. लेशाफ्टवर सुयांच्या खुणा आहेत, खड्डे नाहीत. तो तरीही नवाच घालायचा. पण दुसऱ्या गिअरच्या तीन कुत्रादातांचे कोपरे तुटलेले आहेत.

इथे निर्णय अवघड होता. एकत्र झिजलेले दात एकमेकांना ओळखतात. जोड्या फोडल्या की आवाज येतो, हा नियम मी मानतो. म्हणून केस, इंजिनाकडचा शाफ्ट, लेगिअर, पहिला आणि तिसरा गिअर आणि ओव्हरड्राइव्हचा लांब मेनशाफ्ट हे सगळे नव्याने आणलेल्या बॉक्सचे एकत्र ठेवायचे. दुसरा गिअर मात्र माझ्या बॉक्सचा घ्यावा लागेल. दोन्हींचे दात मोजले, सारखे आहेत. निळा लेप लावून माझा गिअर त्या लेगिअरवर हाताने फिरवला; ठसा दाताच्या मध्यापासून थोडा एका कडेकडे जातो, पण कडेला पोचत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये बारीक सूर राहील हे गृहीत धरून मी ही जोडी स्वीकारली आहे.

२० जानेवारी, शनिवार

आजचा दिवस ओव्हरड्राइव्हसाठी. मेनशाफ्ट आतल्या ग्रहचक्रांच्या (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या लहान दातेरी चाकांच्या) चौकटीला फिरवतो आणि बाहेरचे कडे, ज्याच्या आतून दात आहेत, मागच्या चाकांकडे जाते. ओव्हरड्राइव्ह बंद असताना एकाच दिशेने पकडणारा रोलर क्लच शाफ्ट आणि कडे यांना एकत्र फिरवतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आणि रिव्हर्समध्ये मात्र तो उपयोगाचा नाही, तेव्हा स्प्रिंगांनी कड्यावर दाबून धरलेला कोनाचा क्लच काम करतो. चालू केल्यावर सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) झडप बंद करतो, पंपाचा तेलदाब वाढतो, दोन पिस्टन तोच कोन कड्यापासून सोडवून पुढच्या स्थिर रिंगवर दाबतात आणि मधले सूर्यचक्र जागच्या जागी थांबते. मग ग्रहचक्रांना त्याच्याभोवती चालत जावे लागते आणि कडे शाफ्टपेक्षा जलद फिरू लागते. क्लच न दाबता, अ‍ॅक्सिलरेटर न सोडता हा बदल होतो.

यावरून दोन पथ्ये निघतात. ओव्हरड्राइव्ह चालू असताना रिव्हर्स कधीही पडू नये, नाहीतर रोलर क्लच एका बाजूने आणि थांबलेला कोन दुसऱ्या बाजूने ओढतील. म्हणून ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या गिअरमध्येच चालू होऊ देणारा स्विच शाबूत हवा. दुसरे पथ्य तेलाचे. एमजीबीच्या बॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्ये तेच तेल फिरते आणि ते इंजिनाचे २०डब्ल्यू-५० आहे. घर्षण कमी करणारे कोणतेही द्रव्य त्यात घातले की कोन सरकू लागतो, आणि सिंक्रोच्या रिंगाही पकडत नाहीत.

खालची जाळी काढली तर ती करड्या चिखलाने अर्धी बुजलेली. कोनाचे अस्तर चांगले आहे. झडपा सुट्या करून रॉकेलने धुतल्या, सर्व ओ-रिंगा नव्या घातल्या.

३ फेब्रुवारी, शनिवार

नव्या पितळी रिंगांचा संच आला आणि परत गेला. कोनावर हलक्या तेलाचा थर देऊन रिंग बोटांनी दाबून फिरवली तर ती पकडायला हवी. या चारपैकी दोन घसरत राहिल्या आणि एक कोनावर डुलत होती. नवी वस्तू म्हणजे चांगली वस्तू, असे मानून त्या बसवल्या असत्या तर बॉक्स गाडीत गेल्यावर, इंजिन पुन्हा बाहेर काढूनच हे कळले असते. दुसऱ्या ठिकाणाहून मागवलेल्या चारही घट्ट पकडतात आणि कोनावर दाबल्यावर १.१ ते १.२ मिलिमीटर फट दाखवतात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

जुळवणी. लेगिअरची पुढे-मागे होणारी हालचाल ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर असावी लागते आणि ती थ्रस्ट वॉशरच्या जाडीने साधायची. पहिल्या जोडीने ०.१५ आली, तिसऱ्या जोडीने ०.०६. लेशाफ्टच्या लांबीपेक्षा आखूड असा एक लाकडी दांडा घासून केला, त्यावर लेगिअर सुयांसह धरून तळाशी ठेवला, मेनशाफ्ट आल्यावर खरा लेशाफ्ट त्याला ढकलत आत आला. सुया ग्रीसमध्ये बसवल्या होत्या आणि मोजून घातल्या होत्या. सिंक्रो हबचे गोळे आणि स्प्रिंगा बसवताना हब प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून काम केले. पहिल्या वेळी एक गोळा उडालाच, पण तो पिशवीत राहिला.

ओव्हरड्राइव्ह मेनशाफ्टवर चढवताना ग्रहचक्रांच्या आणि रोलर क्लचच्या आतल्या खाचा लांब पेचकसाने एका ओळीत आणाव्या लागतात, आणि पंप चालवणाऱ्या कॅमचा उंचवटा वरच्या बाजूला ठेवावा लागतो. युनिट शेवटच्या दीड सेंटिमीटरवर अडकले. बोल्ट आवळून ते ओढून घेण्याचा मोह होतो. तसे केले तर खाचा फुटतात. मी तीनदा मागे घेतले, कडे हाताने किंचित फिरवले आणि चौथ्यांदा ते हाताच्या दाबानेच बसले.

टेबलावर चारही गिअर टाकून पाहिले. इंजिनाकडचा शाफ्ट हाताने फिरवला की आता फक्त तेलाचा आवाज येतो.

९ मार्च, शनिवार

इंजिन आणि बॉक्स परत जागेवर. जोडताना बॉक्सचा भार शाफ्टवर लटकू दिला नाही, नाहीतर नवी क्लच प्लेट वाकते. ३.४ लिटर तेल.

१६ मार्च, शनिवार

पहिली फेरी फॉस वे या जुन्या रोमन मार्गाच्या सरळ रस्त्यावर. चारही गिअर शांतपणे पडतात. न्यूट्रलची घरघर नाही. तिसरा उतारावर टिकून राहतो. दुसऱ्यात बारीक सूर आहे, अपेक्षेइतकाच.

ओव्हरड्राइव्ह मात्र चालू होण्यास तीन सेकंद घेते, आणि अर्ध्या तासाने, तेल गरम झाल्यावर, होतच नाही. स्विच दाबला की सोलेनॉइडचा खट्ट आवाज ऐकू येतो आणि तारेवर १२ व्होल्ट आहेत, म्हणजे वीज पोचते आहे. तेल गरम झाल्यावर पातळ होते आणि मगच दाब उभा राहत नाही, तर कुठेतरी गळती आहे.

२३ मार्च, शनिवार

एलएचचा सोलेनॉइड बॉक्स न उतरवता काढता येतो. पातळ, एक इंची पाना लागतो आणि हात ठेवायला जागा थोडीच आहे. काढला तर त्याच्या दोन ओ-रिंगांपैकी आतली एका बाजूने कापलेली होती. ती मी कोरडी बसवली होती आणि आट्याच्या कडेवर ती चिमटली गेली, चूक माझीच. नवी रिंग तेल लावून, बोटाने हळूहळू फिरवत बसवली.

दुपारी एम-४० मोटरवेवरून ऑक्सफर्डपर्यंत आणि परत. ताशी ७० मैलांना ३,२०० फेरे. चालू होण्यास अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, थंड असताना आणि गरम असतानाही. वाटेत अ‍ॅबिंग्डनची पाटी दिसली.

२० एप्रिल, शनिवार

८०० किलोमीटर झाले. तेल गरम असतानाच काढून त्याच बरणीत, धुऊन, भरले आणि आठ दिवस ठेवून आज पाहिले. तळाशी अतिशय बारीक करडी धूळ आहे, चुंबकाने ती धुरकट रेषेसारखी सरकते. खवला एकही नाही. पितळेची चमक थोडी दिसते. नव्या रिंगा बसत असताना ती येणे साहजिक आहे. काकांना फोटो पाठवला. त्यांचे उत्तर आले, “आता पुढचं तेल पाच हजारावर बदल, पण बरणी टाकू नकोस.”

ओव्हरड्राइव्हच्या जाळीवरही फक्त एक पुसट थर होता. ती धुऊन परत बसवली, नवे तेल भरले. दुसऱ्या गिअरचा सूर पहिल्या फेरीपेक्षा किंचित उतरला आहे असे वाटते. पुढच्या नोंदीत तो पुन्हा ऐकून लिहीन.